आईंनी मागितलेलं केफिर

१२ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा दुखतो, पण तो दुखला नाही तर हे बोलणार कशावर, म्हणून मी फारसं मनावर घेत नाही. तिकडे तुम्ही सगळे बरे असाल. आई बऱ्या असतील.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. समोर एक आजोबा चष्म्याची दांडी कानामागे टोचते म्हणून बसले होते. एका हातात त्यांची दांडी आणि दुसऱ्या हातात फोन, त्यामुळे तुला नुसतं ‘बघते’ म्हटलं. तू म्हणालीस, ‘ताई, आई काही धड खात नाहीत हो. सारखं तुमच्या हातचं केफिरच मागतात.’ तेवढ्यात आजोबा ओरडले. दांडी मी जरा जास्तच वाकवली असावी.

फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण तुला फोनवर काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ‘हो ताई, हो ताई’ म्हणतेस आणि मागे भांड्यांचा आवाज चालूच असतो. म्हणून लिहून देते. फ्रिजवर चिकटवून ठेव. भावजी कामासाठी इकडे आले आहेत, त्यांच्याबरोबर केफिरला विरजण म्हणून लागणाऱ्या दाण्यांची लहान बरणी देते आहे. त्यांना बजावलंय की मांडीवर धरून न्या. पण ते मागच्या सीटवर टाकतील, मला माहीत आहे.

मला हसू आलं ते सांगू? सहा वर्षं रोज सकाळी मी पेला पुढे केला की आई तोंड वाकडं करायच्या. ‘आलं का तुझं फुटकं दूध?’ नाक धरून प्यायच्या, मला दिसावं म्हणून. आणि आता तेच मागतात! असो. माणूस जवळ असेपर्यंत त्याची किंमत नसते. म्हणजे वस्तू जवळ असेपर्यंत, असं म्हणायचं होतं.

तुला आठवत असेल, ऑपरेशननंतर इतक्या औषधांचा मारा झाला की त्यांच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना. तेव्हा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी एके दिवशी पर्समधून औषधाची रिकामी बाटली काढली, तळाशी दुधात चार पांढरे गोळे. म्हणाल्या, ‘हे विकत मिळतात तसे घेऊ नका, एकमेकींकडूनच घ्यायचे असतात. वाढले की पुढे द्या.’ तेव्हापासून आमच्या घरी तिसरा जीव आला. ह्यांना धरलं तर चौथा.

दाणे म्हणजे धान्याचे दाणे नव्हेत, हे आधी डोक्यात घे. फ्लॉवरचे बारीक तुरे दुधात भिजवून ठेवावेत तसे दिसतात, हाताला रबरासारखे लागतात, आणि ते जिवंत असतात. हे विसरलीस की संपलं. दूध चांगलं सायीचं घे. तुझ्या त्या बिनसायीच्या पाण्यावर ते जगतील, पण खूश राहणार नाहीत. दूध तापवून पूर्ण गार होऊ दे. पूर्ण म्हणजे पूर्ण. बोट घालून बघ, ऊन लागता कामा नये. ऊन दुधात दाणे टाकलेस तर ते शिजतात, मग रडून उपयोग नाही.

बरणी काचेची. मोठ्या पेलाभर दुधाला चमचाभर दाणे पुरतात. तोंडावर स्वच्छ कापड आणि त्याला रबर लाव. घट्ट झाकण नको, आत वायू धरतो. उन्हात नको, शेगडीजवळ नको, कपाटातला एखादा शांत कोपरा बघ. आणि मग तिला एकटं सोड. घडीघडीला उघडून बघायचं नाही आणि हलवायचंही नाही. तुझ्याकडून हे कसं होणार देव जाणे.

साधारण एक दिवस लागतो. पण घड्याळ बघू नकोस, बरणी बघ. उकाडा असला तर लवकर होतं, गारठ्यात रेंगाळतं. बरणी हलकेच तिरकी कर. दूध काचेवरून ओघळलं तर अजून वेळ आहे. सगळं एकसंध हललं आणि तळाशी पाण्याच्या एकदोन चिरा दिसल्या की झालं. वर दही आणि खाली पाणी असे दोन संसार दिसले तर तू उशीर केलास. ते काही नासलेलं नसतं, पिता येतं, पण आईंचा घसा नाजूक आहे, त्यांना ओरबाडल्यासारखं होतं. असं वारंवार झालं तर दाणे कमी कर किंवा दूध वाढव.

मग प्लास्टिकच्या गाळणीतून गाळ. लाकडी चमच्याने हलक्या हाताने फिरव, दाबू नकोस. ॲल्युमिनियमचं काही आसपासही नको. आणि दाणे धुवायचे नाहीत. तू नळाची तोटी घासतेस, दाराच्या कड्या पुसतेस, सगळं मला माहीत आहे, पण दाणे धुवायचे नाहीत. गाळणीतले तसेच उचलून पुढच्या ताज्या दुधात टाकायचे.

आता खरी गोम. गाळलेलं केफिर लगेच आईंना देऊ नकोस. बाटलीत भर, वर चार बोटं जागा सोड, संत्र्याच्या सालीचा लहान तुकडा टाक, आतला पांढरा भाग खरवडून. झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी आंबटपणाची धार मोडलेली असते आणि घोट मऊ लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. आई पेला अर्धा परत पाठवायच्या, तेव्हा मी लिंबाची साल घालून पाहिली, वेलची घालून पाहिली, खजूर घालून पाहिला. संत्र्याची घातली त्या दिवशी पेला रिकामा परत आला. बोलल्या काही नाहीत. पण रिकामा आला.

प्रवासाने दाणे रुसतात. पहिली एकदोन खेप पाणचट होईल, ती आईंना देऊ नकोस, फेकून दे. दुधावर कधी गुलाबी डाग किंवा केसाळ बुरशी दिसली तर दाण्यांसकट सगळं फेक, कंजूषपणा नको.

माझ्याबद्दल विचारलंस म्हणून लिहिते. मी मजेत. आई तिकडे आल्याला दोन महिने झाले, संध्याकाळी दुकानातून आलं की काही कामच नसतं. शेजारीण म्हणाली, ‘सुंठीवाचून खोकला गेला.’ दुकानातल्या हिशेबनीसबाई म्हणाल्या, ‘सुटलीस बाई, आता सिनेमे बघ.’ बघते आहे. परवा एक पाहिला, त्यात सगळे गात होते.

एक कळव. आईंनी नेमकं काय म्हटलं? ‘केफिर’ म्हणाल्या की ‘फुटकं दूध’? आणि नुसतं मागितलं, की मोठीच्या हातचं म्हणून मागितलं? कळव म्हणजे मला दाण्यांचा अंदाज येईल.

तुझी,
ताई


२७ मार्च

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आता ह्यांचा दुसरा गुडघाही दुखू लागला आहे. बाकी क्षेम.

तुझा फोन झाल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन, भिंग घासायच्या यंत्राशेजारी उभी राहून, आधी हसले आणि मग मला रडू आलं. गरम पाणी! आणि वर भांडी घासायचं साबणपाणी! धाकटे, मी एकच गोष्ट दोनदा लिहिली होती. तू म्हणतेस, ‘ताई, ते इतके बुळबुळीत होते, मला कसंसंच झालं. म्हटलं आईंच्या पोटात जायचंय, स्वच्छ असलेलं बरं.’ स्वच्छ झाले खरे. इतके स्वच्छ की त्यांच्यात काही उरलंच नाही. चार दिवस तू मेलेल्या दाण्यांना दूध पाजत बसलीस आणि ते नुसतं नासलं.

त्याआधीची एक खेप तेवढी जमली होती, तर ती बाटलीत झाकण आवळून ठेवलीस. छताला डाग पडले त्याला मी काय करू? भावजी म्हणाले, ‘वहिनी, बाँब फुटल्यासारखं झालं, आई तर टाळ्या वाजवून हसल्या.’ आई टाळ्या वाजवून हसल्या, हे मला दोनदा विचारावं लागलं. आमच्याकडे एकदा दिवाणखान्यातलं कपाट कोसळलं होतं, सगळ्या काचांसकट, तेव्हा आईंनी फक्त विचारलं होतं, ‘माझी सकाळची गोळी झाली का?’

मी विचारलेलं तू सांगितलं नाहीस. फोनवर दोनदा विचारलं. पहिल्यांदा तू म्हणालीस, ‘थांबा हं ताई, दूध उतू जातंय.’ दुसऱ्यांदा म्हणालीस, ‘अहो, आता शब्द कसे आठवणार, मागतात एवढं खरं.’ ठीक आहे. तुला नसेल आठवत. मला मात्र लोकांचे शब्द आठवतात, ही माझी खोड आहे.

म्हणून आता मीच एक सांगते. हे मी कुणाशी बोलले नाही, ह्यांच्याशी तर नाहीच.

तुम्ही आईंना घेऊन गेलात त्या दिवशी मी दुकानातून थोडी लवकर निघाले होते. संत्री संपली होती, ती घेतली. दार उघडून रोजच्यासारखी ‘आई’ म्हणून हाक मारली. ओ आली नाही. खोलीत गेले तर पलंगावरच्या चादरीची घडी घालून उशीवर ठेवलेली. काठी नव्हती, गोळ्यांचा डबा नव्हता, खिडकीतला त्यांचा कंगवासुद्धा नव्हता. मला क्षणभर वाटलं, गेल्या. म्हणजे खरंच गेल्या. मी पलंगाचा कठडा धरला. बाहेर हे पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘अगं, धाकटा येऊन घेऊन गेला तिला. काही दिवस तिकडे राहू दे. तुझाही भार हलका होईल.’

मी विचारलं, ‘मला फोन का नाही केलात?’

‘तू कामात असतेस.’

झालं. सहा वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, त्यांची नखं कापली, कूस बदलून दिली, त्यांच्या पाठीवर एक फोड येऊ दिला नाही, डॉक्टर म्हणायचे, ‘ह्यांना घरी आणलं तेव्हा मला वर्षाचीही खात्री नव्हती.’ आणि त्या निघाल्या तेव्हा मला कळवण्याइतकी मी कुणाची कुणी नव्हते. तुम्ही काही वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला सुचलंच नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

लेक आईसाठी रडली तर लोक डोळे पुसतात. सून सासूसाठी रडली तर लोक हसतील. मीच हसले असते. त्यामुळे मी रडत नाही, दोन पेले गाळते. अजूनही. एक ह्यांना देते, ते अर्धा पितात आणि उपकार केल्यासारखा पेला खाली ठेवतात. दुसरा संध्याकाळी मोरीत ओतते. मला स्वतःला केफिर कधीच आवडलं नाही, हे तुला म्हणून सांगते. वास घेतला तरी जीव नकोसा होतो.

आईंनी मागितलं म्हणालीस, त्या दिवसापासून मात्र मोरीत ओतताना हात जड होतो. तिकडे त्या मागतायत आणि इथे मी ओतून देते आहे.

तेव्हा आता दाणे भावजींबरोबर पाठवायचे नाहीत. मीच घेऊन येते, येत्या रविवारी. रजा टाकायची गरज नाही, दुकान बंदच असतं. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या दुधाने, तुझ्या बरणीत एकदा करून दाखवते. येताना आदल्या दिवशीचं गाळलेलं एक बाटलीभर आईंसाठी आणते, म्हणजे त्यांना त्या दिवशी तरी वाट पाहावी लागणार नाही. आईंना आधी सांगू नकोस. किंवा सांग. नको, सांगूच नकोस.

जेवणाचं काही करू नकोस. मी पाहुणी नाही.

तुझी,
ताई


८ एप्रिल

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद लिहिणं जिवावर आलं होतं, पण मोठेपण सोडवत नाही. म्हणून आशीर्वाद.

रविवारी निघताना मी धड काही बोलले नाही. तू बसथांब्यापर्यंत आलीस आणि सारखी म्हणत होतीस, ‘ताई, काहीतरी बोला ना.’ बसमध्ये बोलायचं सुचलं. ते असं आहे.

मी आले तेव्हा तू दारातच माझा हात धरलास. ‘ताई, आधी स्वयंपाकघरात या ना, बरणी दाखवते.’ मला वाटलं, शिकायची घाई झाली आहे पोरीला. पण आतून हसण्याचा आवाज आला आणि मी थांबले. तो आवाज मला ओळखू आला नाही. कुणी पाहुण्या आल्यात का, असं मी तुला विचारलंसुद्धा.

आई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. समोर चहा, आणि त्यात बिस्किटाचा चुरा तरंगत होता. आमच्याकडे त्यांना साखर बंद होती. गाल भरलेले. ‘काही धड खात नाहीत’ म्हणे! टीव्हीवर कुणीतरी पडलं होतं आणि त्या हसत होत्या. मला पाहिलं आणि खरंच आनंदल्या, ते मी नाकारत नाही. ‘अगं, तू! ये, ये. दमली असशील उन्हातून.’ मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. एका हातात बरणी, एका हातात बाटली.

‘अगं बाई, इथेही आणलंस का ते? मला नको हं. त्याच्यातून सुटायला तर इथे आले.’

हसत हसत म्हणाल्या. कुणाला लागावं म्हणून नव्हे. मी तुझ्याकडे बघितलं. तू मटाराच्या सालींकडे बघत होतीस.

स्वयंपाकघरात तू बोललीस ते शब्द मला आठवतात, सांगितलं ना, ती माझी खोडच आहे. ‘ताई, पोट माझंच बिघडलंय. वर्ष होत आलं. डॉक्टरांनी केफिर घ्या म्हणून सांगितलं. पण तुमच्याकडे माझ्यासाठी मागितलं असतं तर दिलं असतंत का?’

आता उत्तर देते. नसतं दिलं. काहीतरी सबब सांगितली असती, दाणे कमी आहेत, प्रवासात मरतील, तुला जमणार नाही. आणि हे तुला आधीपासून माहीत होतं, ह्याचा मला खोटेपणापेक्षा जास्त राग आला. आईंचं नाव घेतलं की ही बाई धावत येईल, हे तू इतकं अचूक कसं ओळखलंस? मला वाटत होतं, मी कुणाला काही दिसू दिलेलं नाही.

तरी मी शिकवलं. दूध तापवलं, तुला बोट घालायला लावलं, तुझी ती ॲल्युमिनियमची गाळणी बाहेर भिरकावली. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं आपण म्हणतो ना, ते माझ्या मनात घोळत होतं, पण म्हणावं तरी कुणाला कळेना.

मग तू दूध आणायला खाली गेलीस तेव्हा मी आईंजवळ जाऊन बसले. तुला वाटलं असेल, काय बोलणं झालं. तुला सांगायला बांधलेली नाही, पण सांगते. तुला ठाऊक असलेलं बरं.

मी विचारलं, ‘मी घरी नसताना का निघालात?’

त्या मटार सोलत राहिल्या. म्हणाल्या, ‘धाकट्याला मीच फोन केला. दुपारीच ये म्हटलं. तू असतीस तर मला जमलं नसतं गं.’

‘मी काय अडवणार होते तुम्हाला?’

‘नाही. तू कशाला अडवशील? तू गोळ्या भरून दिल्या असत्यास, कुठली कधी ते लिहून दिलं असतंस, पायमोजे घातले असतेस. आणि मला वाटलं असतं, म्हातारे, एवढं करणाऱ्या पोरीला सोडून कुठे निघालीस? बसून राहिले असते मी.’

‘मग बसायचं होतं. कमी काय होतं माझ्याकडे?’

‘कमी काहीच नव्हतं. तुझ्याकडे सगळं वेळेवर होतं. तू खोलीत आलीस की मी आधी तोंड उघडायची, गोळीसाठी. ही धाकटी येते ती माझ्या पलंगावर आडवी होते आणि नवऱ्याच्या कागाळ्या सांगते. गोळी द्यायची विसरते, मग मीच आठवण करते. मला बरं वाटतं, आठवण करून द्यायला.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मी अशी आडवी झाले असते ना आई, तर आज तुम्ही मटार सोलायला नसता.’

आईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. ‘नसते,’ म्हणाल्या. ‘ते का मला माहीत नाही? म्हणून तर तोंड चुकवून निघाले.’

आणि मग त्यांनी मला मटाराची एक शेंग दिली, सोलायला. मी ती हातात धरून बसले. पुढे काय बोलायचं असतं, ते खरंच मला ठाऊक नाही. सहा वर्षांत त्या खोलीत मी कधी नुसती बसले नव्हते. बसले असते तर औषधं कुणी आणली असती, चादरी कुणी बदलल्या असत्या, दुकानात कोण गेलं असतं? ह्याचं उत्तर ना आईंकडे आहे, ना तुझ्याकडे. प्रेम करायला फुरसत लागते आणि ती मला कुणी दिली नाही. तुला तयार, बरी झालेली सासू मिळाली. मला पलंगाला खिळलेली मिळाली होती. हे मी रागाने लिहिते आहे, आणि राग खरा आहे, म्हणून खोडत नाही.

तुझी वरच्या मजल्यावरची मैत्रीण आली तेव्हा तू होतीसच. आईंनी माझा हात धरून ओळख करून दिली. ‘ही माझी मोठी सून. हिने मला मरणाच्या दारातून आणलं. हिच्यासारखं कुणी करणार नाही.’ ती बाई भारावून माझ्याकडे बघत राहिली. आई पुढे म्हणाल्या, ‘आणि ही आमची वेडाबाई, हिला तर तू ओळखतेसच,’ आणि तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. दवाखान्यातून घरी जाताना नर्सबाईंचे आभार मानतात ना, तसे माझे आभार मानले त्यांनी. मनापासून मानले. मला तो धपाटा हवा होता.

निघताना म्हणाल्या, ‘जेवून जा हं, अशी उपाशी जाऊ नकोस.’ आपल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. आपलं माणूस जेवतंच.

घरी आल्यावर मी माझ्याकडचे दाणे फेकून दिले. मी नाही पीत, हे तर सुटकेचा निःश्वास टाकतील, मग वाढवायचे कुणासाठी? तू मात्र ते नीट कर. टिंगल करत नाही, खरंच सांगते. पोटाची हेळसांड वाईट, मी जवळून पाहिली आहे. आता मात्र पुन्हा धुतलेस तर माझ्याकडे मागू नकोस, माझ्याकडे नाहीत.

तुझ्यावर माझा राग आहे. तो जायला वेळ लागेल, कदाचित जाणारही नाही. आईंना परत पाठव असं मी म्हणत नाही. त्या यायच्या नाहीत, आणि आल्या तरी मला पलंगावर आडवं व्हायला जमायचं नाही. आपण आपल्या जागी राहू. फोन आला तर घेईन, कामापुरतं बोलेन.

एकच मागते. पहिल्यांदाच तुझ्याकडे काही मागते आहे.

आईंचं कधी काही कमीजास्त झालं तर पहिला फोन मला कर. ह्यांना नको, मला. मी दुकानात असले तरी कर, समोर गिऱ्हाईक असलं तरी कर. मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही. तिथे सगळे लेकांचं सांत्वन करतील, तुझंही करतील, आणि ते योग्यच आहे. माझं करायचं कुणाला सुचणार नाही. माझ्याकडे बघून लोक चहाला किती माणसं आहेत ते विचारतील, आणि मी उठून चहा ठेवीन. म्हणून त्या सगळ्यांच्या आधी मला कळू दे. मला थोडा वेळ एकटीला लागेल.

‘तुझी’ म्हणून सही करायला आज हात वळत नाही.

आईंची,
मोठी सून